अ‍ॅलिस आणि आलिरिया

आमच्या गावातल्या मराठी मंडळातल्या सात-आठ घरांनी गेल्या हिवाळ्यात एक बेत सुरू केला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि एक सिनेमा एकत्र पाहायचा. जानेवारीच्या खेपेला 'स्टिल अ‍ॅलिस' निवडला गेला. सिनेमा संपला तेव्हा बराच वेळ कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. मग चहा आला, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी जीवशास्त्रातली पोस्टडॉक, त्यामुळे अशा वेळी खुलासा माझ्याकडून अपेक्षित असतो. प्रश्न एकच होता, फक्त चौघांनी चार तऱ्हांनी विचारला: "म्हणजे जीन असलं की हा आजार होणारच ना?"

"या प्रकारात होतोच," मी म्हणाले.

उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. तरी घरी परतताना ते मला टोचत राहिलं. कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला मी फोनवर असंच एक छोटं, आत्मविश्वासाने दिलेलं उत्तर दिलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी पाहिलं आहे. त्याबद्दल शेवटी सांगेन. आधी सिनेमाबद्दल, कारण तो चांगला आहे, आणि चांगला आहे म्हणूनच त्यात जे राहून गेलं ते तुमच्याशी बोलायला हवं.

'स्टिल अ‍ॅलिस' 2014 सालचा. लिसा जेनोव्हा यांची याच नावाची कादंबरी त्याआधीची. जेनोव्हा स्वतः मेंदूविज्ञानात पीएचडी. ही कादंबरी त्यांनी 2007मध्ये स्वखर्चाने छापली होती, नंतर मोठ्या प्रकाशनाने ती घेतली. सिनेमा रिचर्ड ग्लाट्झर आणि वॉश वेस्टमोरलँड या जोडीने दिग्दर्शित केला. ग्लाट्झर यांना त्या वेळी एएलएस हा मज्जासंस्थेचा आजार झालेला होता. ज्युलिअन मूरला अ‍ॅलिसच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च 2015मध्ये, ग्लाट्झर गेले. स्वतःचं शरीर हातातून सुटत असताना त्यांनी हा सिनेमा केला. त्यामुळे असेल, पण आजाऱ्याकडे बाहेरून दयेने पाहणं यात कुठेच नाही. आपण अ‍ॅलिसच्या आतून पाहतो. विद्यापीठाच्या ओळखीच्या आवारात ती धावायला जाते आणि एका क्षणी आजूबाजूचं सगळं धूसर होतं, तेव्हा हरवतो आपणच.

अ‍ॅलिस हाउलंड भाषाशास्त्राची प्राध्यापक. पन्नाशीची. शब्द हेच तिचं भांडवल, आणि नेमके तेच हरवू लागतात. तपासण्या होतात, निदान होतं: अल्झायमर, तोही कमी वयात सुरू होणारा, घराण्यातून येणारा. मग डॉक्टर पुढचं सांगतात. तिच्या प्रत्येक मुलाला हे जनुक मिळालं असण्याची शक्यता 50 टक्के, आणि ज्याला मिळालं असेल त्याला आजार होण्याची शक्यता 100 टक्के. तीन मुलं. थोरली अ‍ॅना मूल व्हावं म्हणून उपचार घेते आहे. तिची चाचणी पॉझिटिव्ह येते. मधल्या टॉमची निगेटिव्ह. धाकट्या लिडियाला जाणून घ्यायचंच नाही. हे सगळं मिळून पडद्यावर काही मिनिटांत उरकतं.

या मिनिटांमध्ये सिनेमाने एक गोष्ट फार सूक्ष्मपणे पकडली आहे. डॉक्टर घराण्याची चौकशी करतात तेव्हा अ‍ॅलिसकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. आई आणि बहीण अपघातात लवकर गेल्या. वडील दारू प्यायचे, शेवटी शेवटी त्यांच्या बोलण्याला धरबंध उरला नव्हता, आणि घरच्यांनी ते दारूच्या खात्यावर टाकलं. म्हणजे आजार घरात होता, पण त्याला दुसरंच नाव होतं. हे आपल्याला किती ओळखीचं आहे पाहा. 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की विषय संपतो. 'शेवटी जरा भ्रमिष्ट झाले होते', 'वहिनी गेल्यापासून मनावर घेतलं', 'कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून तसं वाटायचं'. आपल्या वंशावळीत नावं असतात, गोत्र असतं, कोण कोणाच्या घरी दत्तक गेलं तेही असतं. कोणाला कितव्या वर्षी काय होऊ लागलं, याची नोंद मात्र नसते. डॉक्टरांचा खरा प्रश्न तर तोच असतो.

आता माझी पहिली तक्रार. सिनेमा 100 टक्के हा आकडा देतो, पण तो कोणाच्या बाबतीत खरा आहे ते सांगायला थांबत नाही. अल्झायमर निव्वळ एका जनुकातल्या बदलामुळे होतो, अशी आजवर तीन जनुकं पक्की ठाऊक आहेत. 21व्या गुणसूत्रावरचं एपीपी (त्यातला पहिला असा बदल 1991मध्ये सापडला), 14व्यावरचं प्रेसेनिलिन-1 आणि पहिल्या गुणसूत्रावरचं प्रेसेनिलिन-2 (दोन्ही 1995). कादंबरीतल्या अ‍ॅलिसच्या आजाराचं मूळ प्रेसेनिलिन-1मध्ये आहे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून बदललेली एक प्रत आली तरी पुरते, म्हणून 50 टक्के. पण जगातल्या एकूण अल्झायमरच्या रुग्णांपैकी अशांचं प्रमाण एका टक्क्याहूनही कमी आहे. इतकंच काय, पासष्टीच्या आत आजार सुरू झालेल्यांपैकीही बहुतेकांत ही तीन जनुकं ठीकच असतात.

बाकीच्यांचं काय? तिथे जनुकांचा हात असतो, पण ती हुकूम देत नाहीत. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध जनुक म्हणजे एपोई. त्याचे दोन, तीन आणि चार असे तीन प्रकार आढळतात. बहुतेकांकडे तीन असतो. चार असेल तर जोखीम वाढते, आणि त्याच्या दोन प्रती असतील तर बरीच वाढते. दोन असेल तर ती कमी होते. पण एपोई-4 असूनही ऐंशीव्या वर्षी शब्दकोडी सोडवणारी माणसं आहेत, आणि ते नसताना आजारी पडलेलीही भरपूर आहेत. 2017पासून अमेरिकेत घरी मागवायच्या थुंकीच्या चाचणीत हा निकाल मिळू लागला. आपल्यापैकी अनेकांनी 'आपले पूर्वज कुठले' या कुतूहलापोटी ती नळी भरून पाठवली आणि पूर्वजांबरोबर हेही हाती आलं. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी 'एपोई-4, एक प्रत' हे वाचून दोन रात्री झोप घेतली नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅलिस होती. प्रेसेनिलिन आणि एपोई यांत जन्मठेप आणि पावसाचा अंदाज यांच्याइतकं अंतर आहे. मराठीत आपण दोन्हींना 'आनुवंशिक' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. 'होणार की नाही' हा प्रश्न सिनेमाने विचारला. 'केव्हा' हा विचारलाच नाही. ज्या घराण्यांत हा आजार खरोखर वारशाने येतो, तिथे माणसं ज्या प्रश्नासह जगतात तो 'केव्हा' हाच आहे. मूल होऊ द्यायचं का, घर घ्यायचं का, नोकरी सोडून आईजवळ राहायचं का, सगळे निर्णय त्यावर अडतात.

यासाठी मी तुम्हाला अ‍ॅलिसपासून दूर, दक्षिण अमेरिकेत नेते. कोलंबिया देशातल्या अँतिओकिया प्रांतात, मेदेयिन शहरात आणि भोवतालच्या डोंगराळ गावांत, एक विस्तीर्ण घराणं आहे. सुमारे सहा हजार माणसं, त्यांतले साधारण 1,200 जण प्रेसेनिलिन-1मधल्या एकाच बदलाचे वाहक. वारशाने येणाऱ्या अल्झायमरचं हे जगातलं सगळ्यात मोठं ज्ञात कुळ. त्या भागातले लोक या आजाराला 'ला बोबेरा' म्हणतात. आपल्याकडचा 'खुळेपणा' हा शब्द त्याच्या जवळचा. पिढ्यानपिढ्या चाळिशीतली माणसं खुळी होत आणि लोक कुणाच्या तरी शापाकडे बोट दाखवत. फ्रान्सिस्को लोपेरा या मेंदूरोगतज्ज्ञाने 1980च्या दशकापासून गावोगाव हिंडून, घरोघरी बसून, या कुळाची वंशावळ बांधली. अ‍ॅलिसच्या घरी जी नोंद नव्हती आणि आपल्या घरी नसते, ती त्याने केली: कोण, कोणाचा, कितव्या वर्षी. 2024मध्ये लोपेरा गेले.

त्या नोंदीतून कळलं ते असं. या बदलाच्या वाहकांमध्ये स्मृतीच्या कुरबुरी सरासरी 44व्या वर्षाच्या सुमारास सुरू होतात आणि 49च्या आसपास पूर्ण डिमेन्शिया होतो. पण ही सरासरी आहे. बदल तोच, अक्षरही न चुकता तोच, तरी कुणाला पस्तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो आणि कुणी साठी ओलांडतो. 'जनुक म्हणजे घड्याळ' असं मानलं, तर हे घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर वेगळ्या वेगाने चालतं. का?

या प्रश्नाचं सगळ्यात थक्क करणारं उत्तर आलिरिया रोसा नावाच्या याच कुळातल्या बाईंनी दिलं. त्यांच्याकडे तो बदल होता. कुळाच्या हिशोबाने चाळिशीच्या मध्यावर त्यांची स्मृती ढासळायला हवी होती. ती सत्तरी येईपर्यंत शाबूत राहिली, म्हणजे जवळपास तीस वर्षं उशिराने सैल झाली. संशोधकांनी त्यांना बॉस्टनला नेऊन मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. तिथे दुसरा धक्का होता. अल्झायमरची खूण मानलेल्या अमायलॉइड या प्रथिनाचे थर त्यांच्या मेंदूत भरपूर होते, त्यांच्याहून कमी वयात आजारी पडलेल्या नातलगांपेक्षाही जास्त. कमी होतं ते टाऊ, पेशींच्या आत गुंता करणारं आणि स्मृतीच्या ऱ्हासाशी जास्त जवळचं नातं असलेलं दुसरं प्रथिन. म्हणजे आग लागलेली होती, पण ती पसरत नव्हती.

कारण आपल्या मघाच्या एपोईतच सापडलं. आलिरियांच्या एपोई-3मध्ये एक अगदी विरळा बदल होता, आणि तो दोन्ही प्रतींमध्ये होता. तो पहिल्यांदा न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये आढळला म्हणून त्याला त्या शहराचं नाव. या बदलामुळे एपोई प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरच्या काही साखरयुक्त रेणूंना नीट चिकटत नाही, आणि टाऊचा फैलाव मंदावण्याशी याचा संबंध असावा असं मानलं जातं. 2019मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आलिरियांचं नाव त्यात नव्हतं. नंतर त्या स्वतःच्या नावाने जगासमोर आल्या. 2020मध्ये, 77व्या वर्षी, त्या गेल्या, त्या अल्झायमरने नव्हे, तर कर्करोगाने.

एका बाईवरून शास्त्र होत नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणून पुढचं ऐका. 2023मध्ये याच कुळातल्या एका पुरुषाची हकिकत आली. 67व्या वर्षापर्यंत त्यांची बुद्धी शाबूत होती. त्यांच्याकडे ख्राइस्टचर्च नव्हता, रीलिन नावाच्या वेगळ्याच जनुकातला बदल होता. रीलिन आणि एपोई ही प्रथिनं पेशींच्या त्याच दारांवर येऊन थडकतात, म्हणजे दोन वेगळे पुरावे एकाच वाटेकडे बोट दाखवत होते. याच पुरुषाच्या बहिणीतही रीलिनचा तो बदल होता, पण तिला भावाइतका लाभ झाला नाही. आणि 2024मध्ये ख्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या 27 वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात स्मृतीच्या तक्रारी 52व्या वर्षाच्या सुमारास सुरू झाल्या. ती प्रत नसलेल्यांमध्ये 47व्या. पाच वर्षं.

पाच वर्षं म्हणजे काय, ते चाळिशीतल्या आईला विचारा. दहावीतलं मूल पदवीपर्यंत पोहोचतं.

बाकीचे धागेही आहेत. याच कुळात एपोई-2 असलेल्यांचा आजार बऱ्याच वर्षांनी उशिरा सुरू होतो असं दिसलं आहे. जगभरच्या अशा घराण्यांचा अभ्यास करणाऱ्या सेंट लुईसच्या प्रकल्पात एखाद्या वाहकाचं संभाव्य वय काढताना दोन गोष्टी पाहतात: नेमका बदल कोणता, आणि त्याच्या आई किंवा वडिलांना कितव्या वर्षी सुरू झालं. प्रेसेनिलिन-2च्या बाबतीत पसारा आणखी मोठा. व्होल्गा नदीकाठच्या जर्मन वसाहतींतून अमेरिकेत आलेल्या काही घराण्यांत हा बदल आहे, आणि तिथे आजाराची सुरुवात चाळिशीपासून सत्तरीपर्यंत कधीही झालेली दिसते. म्हणजे 100 टक्के हा आकडा खरा असला तरी त्या आकड्याच्या आत तीस वर्षांचं आयुष्य मावू शकतं.

सिनेमाला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, असा बचाव कुणी करेल. आलिरियांवरचा शोधनिबंध सिनेमानंतर पाच वर्षांनी आला, हे खरं. पण एकाच घराण्यात वयाचा पसारा असतो, हे 2014मध्ये नवं नव्हतं. आणि माझी तक्रार वैज्ञानिक तपशिलाची नाहीच, ती गोष्टीची आहे. अ‍ॅनाचा निकाल कळतो, आणि त्या निकालासह ती कशी जगते ते सिनेमा जवळजवळ सोडूनच देतो. तिला जुळी मुलं होतात, अ‍ॅलिस नातवंडाला हातात घेते, प्रसंग हळवा आहे. पण अ‍ॅना आरशात पाहताना काय मोजत असेल? किल्ली विसरली की तिच्या पोटात काय होत असेल? नवऱ्याशी ती हे बोलते का? अ‍ॅलिसची गोष्ट दोनेक वर्षांची आहे, अ‍ॅनाची वीस वर्षांची. सिनेमाने छोटी गोष्ट उत्तम सांगितली आणि लांबलचक गोष्ट तिच्या दारात ठेवून निघून गेला.

आणखी एक वाक्य मला खटकतं. डॉक्टर अ‍ॅलिसला सांगतात की जास्त शिकलेल्या माणसांत आजार वेगाने पुढे जाऊ शकतो. हे अर्धं खरं आहे. शिक्षणाने मेंदूची गंगाजळी मोठी होते, त्यामुळे आजार आत सुरू झाला तरी बाहेर उशिरा दिसतो, आणि दिसू लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असल्याने घसरण वेगवान वाटते. पण पहिला भाग गाळून दुसराच सांगितला की शिक्षण म्हणजे शिक्षा वाटू लागते. कोलंबियातल्या कुळातही जास्त शिकलेल्या वाहकांची स्मृती अधिक काळ टिकल्याचं दिसलं आहे. प्राध्यापक नायिकेच्या शोकांतिकेला धार यावी म्हणून अर्धं वाक्य गाळलं, असा संशय मला येतो.

आपल्याकडे या विषयावर सिनेमा नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' अनेकांनी पाहिला असेल. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. त्यांना आसरा देणारी माहुताची बायको अमृता सुभाषने अशी उभी केली की तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही सिनेमांत भाषेचा विद्वान भाषा गमावतो. पण 'अस्तु'चा जीव जनुकात नाही, सांभाळण्यात आहे. या माणसाचं आता काय करायचं, कोणी करायचं, मुलगी इराच्या आयुष्यात त्याला जागा कुठे, हे त्याचे प्रश्न. अमेरिकन सिनेमा विचारतो, हे मला कोणाकडून आलं आणि मी कोणाला दिलं. मराठी सिनेमा विचारतो, आता याला जेवू कोण घालणार. भारतात आज डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांची संख्या 88 लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्य घरांपुढचा प्रश्न 'अस्तु'मधलाच आहे. परदेशी राहणारे आपण मात्र दोन्ही प्रश्नांच्या मध्ये सापडतो. जेवू घालायला तिथे नसतो, आणि नळीत थुंकून निकाल वाचायला इथे असतो.

आता माझ्या आतेभावाबद्दल. तो पुण्यात असतो, माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. आत्याला 57व्या वर्षी विसरायला होऊ लागलं आणि वर्षभरात निदान झालं. दादाचा मला फोन आला. इथे रात्रीचे अकरा, मी प्रयोगशाळेतून नुकती आलेली. "अगं, तू त्यातली ना? सांग, मलाही होणार का?" मी म्हणाले, "आनुवंशिक प्रकार असला तर पन्नास टक्के, दादा. पण असेलच असं नाही." मला वाटलं, मी नेमकं आणि प्रामाणिक सांगितलं.

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले होते. दादाने मला लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला, वहिनी स्वयंपाकघरात आहे हे पाहून, हळू आवाजात. घराचं कर्ज, मुलीचं शिक्षण, विमा, सगळं वर्षांवार मांडलेलं. शेवटची ओळ होती: वय 57. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. तो तेव्हा 44 वर्षांचा होता. "तेरा वर्षांत सगळं उरकायचंय," तो म्हणाला. माझ्या वाक्यातलं 'असला तर' त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. पोहोचले ते फक्त 'पन्नास टक्के', आणि त्यात त्याने स्वतःच 57 मिळवलं होतं. अ‍ॅलिसच्या डॉक्टरांना मी नावं ठेवते, पण मी त्यांच्याहून वाईट होते. त्यांच्या हाती निदान चाचणीचा निकाल होता. आत्याची जनुकतपासणी कधी झालेलीच नाही.

त्या रात्री आम्ही दोघं बसलो आणि जे तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. कागदावर वंशावळ काढली. आजोबा 84व्या वर्षी गेले. शेवटच्या महिन्यापर्यंत दुधाचा हिशोब तेच ठेवायचे आणि दूधवाल्याशी आठ आण्यांवरून वाद घालायचे. आजी 79व्या वर्षी गेली. तिला नातवंडांचे वाढदिवस तिथीने पाठ होते. अ‍ॅलिसच्या वडिलांची आठवण ठेवून मी उलटतपासणीही केली: यांच्या म्हातारपणातलं काही आपण दुसऱ्या नावाखाली झाकत तर नाही ना? काही सापडलं नाही. आत्याच्या चार भावंडांपैकी कोणालाच त्रास नाही, आणि सगळ्यात मोठे काका 74चे आहेत. एकाच प्रतीने होणारा आजार असता तर आजी-आजोबांपैकी एकाकडे तो दिसण्याची दाट शक्यता होती. तसं झालेलं नाही. म्हणजे आत्याचा आजार त्या एका टक्क्यातला असण्याची शक्यता फार कमी. आईला अल्झायमर झाला म्हणून दादाची जोखीम इतरांपेक्षा काहीशी जास्त आहे, हे खरं, आणि ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण काहीशी जास्त जोखीम आणि पन्नास टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 57 हा आकडा तर आत्याचा होता, त्याचा कधीच नव्हता.

तुमच्या घरी असा प्रसंग असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. चाचणीआधी कागदावर वंशावळ काढा, वयासकट. दोन-तीन पिढ्यांत ओळीने, साठीच्या आत, आजार दिसत असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जा, घरगुती नळीकडे नको. त्या नळीत एपोई कळतं, अ‍ॅलिसचं जनुक नाही. अमेरिकेत असाल तर हेही लक्षात असू द्या: 2008च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकांवरून भेदभाव करता येत नाही, पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यात येत नाहीत. म्हणून विम्याचा विचार चाचणीच्या आधी. आणि लिडियासारखं जाणून घ्यायचं नसेल तर तोही विचारपूर्वक निर्णय आहे, पळपुटेपणा नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एपोईचा निकाल मात्र त्यांनी आपल्याला सांगू नका असं बजावलं होतं.

'स्टिल अ‍ॅलिस' जरूर पाहा. ज्युलिअन मूर पिवळ्या मार्करने एकेक ओळ रंगवत भाषण वाचते, तीच ओळ पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून, त्या एका प्रसंगासाठी तरी पाहा. पण अ‍ॅनाचा निकाल येतो तिथे सिनेमा थांबवा, आणि शेजारी बसलेल्यांना आलिरियांची गोष्ट सांगा. पुढच्या खेपेला बेसमेंटमध्ये मी तेच करणार आहे, कारण त्या संध्याकाळचं माझं उत्तर अजून अर्धंच राहिलं आहे.

दादाने त्या रात्री तक्ता पुन्हा उघडला. 57 खोडला. "इथे आता काय लिहू?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "सध्या काहीच नको." तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. या वेळी त्याने लॅपटॉप मिटला नाही.